वाचलेल्या बाळाचे पुढे काय?

नवजात बाळाच्या जंतुसंसर्गाचा हिशेब वैद्यकशास्त्राने दीर्घकाळ एकाच रकान्यात मांडला: बाळ वाचले की गेले. ज्या मुलखात हजारातली साठ बाळे पहिला महिना ओलांडत नव्हती तिथे दुसरा रकाना आखायला उसंत नव्हती, हे मान्यच आहे. पण या विषयावरचे गेल्या साठ-सत्तर वर्षांतले संशोधन सलग वाचू लागले की एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. एखाद्या उपचाराने बाळ तगले म्हणून सगळे निश्चिंत झाले, आणि त्या उपचाराचा खरा निकाल कधी शवविच्छेदनाच्या टेबलावर, कधी दोन वर्षांनी, तर कधी मूल शाळेत जाऊ लागल्यावर हाती आला. तो पहिल्या निकालाशी जुळेलच असे नव्हते. जन्मानंतरच्या अठ्ठावीस दिवसांतला गंभीर संसर्ग, मग तो रक्तातला असो, फुप्फुसातला असो वा मेंदूच्या आवरणाचा, हा मेंदूचाही आजार मानला पाहिजे. आणि त्यावरच्या कोणत्याही औषधाची किंवा उपायाची परीक्षा बाळ घरी गेल्या दिवशी संपली असे धरता कामा नये. या विषयाची ओळख करून देताना मला एवढेच मांडायचे आहे. म्हणणे साधे वाटते, पण त्याला विरोध करणारे आक्षेप दुबळे नाहीत.

सर्वांत वजनदार आक्षेप आधीच घेऊ, कारण तो महाराष्ट्राच्याच मातीतून उभा राहतो. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केले. त्या बाळाचे वजन घेत, श्वास मोजत, ऊब देत आणि जंतुदोषाची लक्षणे दिसली तर घरीच जेन्टामायसिनचे इंजेक्शन व तोंडावाटे को-ट्रायमोक्सेझोल देत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले होते, आणि सेप्सिस, म्हणजे अंगभर भिनलेला जंतुदोष, झालेल्या बाळांतले मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले होते. आक्षेप घेणारा म्हणेल, इथे कुणी दोन वर्षांचा मेंदूविकास मोजत बसला असता तर हे काम उभे राहिले असते का? आधी जीव, मग बाकीचे. याला माझे उत्तर त्याच प्रयोगात आहे. आरोग्यदूत जी लक्षणे बघत होत्या त्यांत दूध ओढणे कमी होणे, रडणे क्षीण होणे आणि हातपाय लुळे पडणे ही तीन ठळक होती. तिन्ही कामे मज्जासंस्थेची आहेत. नवजात बाळाला सेप्सिस झाला की पुष्कळदा तापही येत नाही, उलट ते थंड पडते. आधी मंदावते ते त्याचे दूध ओढणे, रडणे, हालचाल. जो आजार ओळखायचाच मेंदूच्या खुणांवरून, तो बरा झाला की नाही हे ठरवताना मात्र मेंदूकडे पाहायचे नाही, ही विसंगती गडचिरोलीच्या कामाची नव्हे. ती त्यानंतरच्या जागतिक संशोधनाची आहे, ज्याच्याकडे पैसाही होता आणि वेळही.

संसर्ग मेंदूला नेमका कसा भिडतो, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद कळायचा नाही. मेनिन्जायटिसमध्ये जंतू स्वतः मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतात, टाळू फुगते, आकडी येते. तिथे इजा होणार हे कुणालाही पटते. उपलब्ध अभ्यासांचा गोषवारा घेणाऱ्या एका जागतिक परीक्षणानुसार नवजात वयातल्या मेनिन्जायटिसमधून वाचलेल्यांपैकी सुमारे २३ टक्के मुलांना मध्यम ते तीव्र स्वरूपाचे मेंदूविकासाचे अपंगत्व राहते. अवघड प्रश्न आहे तो जंतू मेंदूत न शिरताही होणाऱ्या इजेचा. अपुऱ्या दिवसांच्या बाळात, विशेषतः गर्भाच्या चोविसाव्या ते बत्तिसाव्या आठवड्यांच्या दरम्यान, मेंदूतला पांढरा भाग तयार करणाऱ्या पेशी अजून कच्च्या असतात. याच पेशी पुढे मज्जातंतूंवर मायलिनचे वेष्टण चढवणार असतात. शरीरात कुठेही संसर्ग झाला की रक्तात दाह निर्माण करणारी रसायने वाढतात, मेंदूतल्या रक्षक पेशी चाळवतात आणि त्या गदारोळात या कच्च्या पेशी मरतात किंवा वाढ थांबवून बसतात. शिवाय सेप्सिसमध्ये रक्तदाब घसरतो, आणि अपुऱ्या दिवसांच्या मेंदूला स्वतःचा रक्तपुरवठा सावरून धरण्याची ताकद नसते. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी उंदरांच्या पिल्लांवर केलेले प्रयोग या बाबतीत फार बोलके आहेत. जंतूंच्या कवचातले विष अल्प मात्रेत दिले आणि काही तासांनी थोडा वेळ प्राणवायू कमी केला. एरवी तेवढ्या कमतरतेने फारसे बिघडले नसते, पण इथे मेंदूची मोठी हानी झाली. आणि तेच विष एक दिवस आधी दिले तर इजा उलट कमी झाली! म्हणजे दाह हा नुसता शत्रू नव्हे. तो कोणत्या घटकेला येतो यावर तो मारणार की सावरणार हे ठरते. ही गुंतागुंत ध्यानात ठेवावी, पुढे तिची गरज पडणार आहे.

इतिहासात मात्र या बाबतीत डॉक्टरांची नजर बराच काळ दुसरीकडेच होती. १८६१ मध्ये लंडनमध्ये विल्यम जॉन लिटल यांनी मुलांच्या ताठर हातपायांचा संबंध अवघड बाळंतपणाशी आणि जन्मतः गुदमरण्याशी जोडला, आणि हा ताठरपणाचा विकार, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे प्रसूतीच्या वेळी झालेला अपघात हे समीकरण रूढ झाले. मनोविश्लेषणाकडे वळण्याआधी लहान मुलांच्या पक्षाघाताचा अभ्यास करणाऱ्या सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९७ मध्ये शंका काढली होती की अवघड बाळंतपण हे मूळ कारण नसून आधीच काही बिघडल्याची खूण असू शकेल. ती शंका जवळपास शतकभर बाजूला पडली. मग अमेरिकेत कॅरिन नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे तपासले. १९९७ मध्ये जुडिथ ग्रेथर आणि नेल्सन यांनी उत्तर कॅलिफोर्नियातल्या, पुरेशा वजनाच्या बाळांचा अभ्यास छापला. प्रसूतीच्या वेळी आईला ताप किंवा गर्भावरणाचा संसर्ग असेल तर पुढे सेरेब्रल पाल्सी आढळण्याची शक्यता सुमारे नऊ पट होती. २००४ मध्ये बार्बरा स्टोल आणि सहकाऱ्यांनी एक किलोपेक्षा कमी वजनाच्या ६,०९३ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. यांतल्या ६५ टक्के बाळांना रुग्णालयात असतानाच निदान एकदा तरी संसर्ग झाला होता, आणि संसर्ग न झालेल्यांच्या तुलनेत त्यांच्यात सेरेब्रल पाल्सी, विकास चाचणीतले अतिकमी गुण आणि दृष्टिदोष ठळकपणे अधिक होते. त्यात एक तपशील असा होता की ज्या बाळांच्या रक्तात जंतू वाढलेच नाहीत, केवळ लक्षणांवरून ज्यांना पाच किंवा अधिक दिवस प्रतिजैविके दिली गेली, त्यांचीही पुढची स्थिती वाईटच होती.

इथे संख्याशास्त्राचा जाणकार हरकत घेईल, आणि ती घेतलीच पाहिजे. जे बाळ सर्वांत लवकर जन्मते, ज्याच्या फुप्फुसांना यंत्र लागते, ज्याच्या नसेत आठवडेच्या आठवडे नळी असते, त्यालाच संसर्ग होतो; आणि त्याचाच मेंदू अन्य कारणांनीही धोक्यात असतो. मग संसर्गामुळे इजा झाली की दोन्ही गोष्टी एकाच अशक्तपणाच्या पोटी जन्मल्या? एकट्या स्टोल यांच्या अभ्यासावर भिस्त ठेवली तर हा पेच पूर्ण सुटत नाही. असे घटक हिशेबात धरले तरी मोजमापाबाहेर काही उरतेच. पण पुरावा एका जागचा नाही. कॅलिफोर्नियातली बाळे अपुऱ्या वजनाची नव्हती, तरी संबंध दिसला. प्राण्यांच्या प्रयोगात तर अशक्तपणाचा गोंधळच नाही. सारखी पिल्ले, फक्त विष दिले की नाही एवढा फरक. निरनिराळ्या वाटांनी आलेले पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून कार्यकारणभाव मानणे मला रास्त वाटते. किती टक्के इजा संसर्गाच्या खात्यावर टाकायची, हा हिशेब मात्र अजून खुला आहे.

कार्यकारणभाव मान्य केला की सोपा उपाय डोळ्यांसमोर येतो: जंतू लवकर मारा, मेंदू वाचेल. माझ्या मते या विषयातले सर्वांत शिकवून जाणारे दोन प्रयोग नेमके याच समजुतीला छेद देतात. पहिला न्यूयॉर्कमधला. विल्यम सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना संसर्ग होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या दोन औषधयोजनांची तुलना केली आणि १९५६ मध्ये निष्कर्ष छापले. एका गटाला पेनिसिलिन आणि सल्फिसॉक्साझोल, दुसऱ्याला ऑक्सिटेट्रासायक्लिन. पहिली योजना तेव्हा निर्धोक समजली जात होती. पण त्या गटातली अधिक बाळे दगावली, आणि शवविच्छेदनात त्यांच्या मेंदूच्या खोल केंद्रांत पिवळा रंग उतरलेला दिसला. सल्फा औषध रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेल्या बिलिरुबिनला तिथून हुसकावत होते आणि मोकळे झालेले ते पिवळे द्रव्य मेंदूत शिरत होते, हे नंतर उमगले. रुग्णालयांतून बिनदिक्कत वापरले जाणारे औषध नुसत्या अनुभवाच्या बळावर कधी पकडले गेले असते, देव जाणे. चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना आणि मेंदू उघडून पाहण्याची शिस्त यांमुळे ते उघडे पडले.

दुसरा प्रयोग ब्रिटनमधला, ‘ओरॅकल’ नावाचा. मुदतीआधी कळा सुरू झालेल्या, पण पाणमोट न फुटलेल्या गर्भवतींना प्रतिजैविके दिली तर फायदा होईल का, हा प्रश्न. तर्क पक्का होता: अकाली प्रसूतीमागे पुष्कळदा लपलेला संसर्ग असतो. २००१ मध्ये पहिले निष्कर्ष आले तेव्हा नवजात बाळांना ना फायदा दिसला ना तोटा. नेहमीच्या पद्धतीने प्रकरण तिथेच मिटले असते. पण संशोधकांनी ब्रिटनमधली मुले सात वर्षांची झाल्यावर त्यांची पुन्हा विचारपूस केली, आणि २००८ मध्ये कळले ते धक्कादायक होते. एरिथ्रोमायसिन मिळालेल्या मातांच्या मुलांत सेरेब्रल पाल्सी ३.३ टक्के, न मिळालेल्यांत १.७, को-अमॉक्सिक्लॅव्हच्या बाबतीत ३.२ विरुद्ध १.९. ज्या मातांची पाणमोट आधीच फुटली होती त्यांच्या मुलांत असा तोटा दिसला नाही. हे का झाले याचे खात्रीचे उत्तर नाही. संसर्ग दबला पण संपला नाही आणि बाळ त्या दाहाच्या परिसरात अधिक काळ राहिले, असा एक अंदाज मांडला जातो. गोथेनबर्गची पिल्ले आठवली तर तो अगदीच हवेतला वाटत नाही. कुणी म्हणेल, ही आकस्मिक आकडेवारी असेल. असेलही. पण ही शंका घ्यायला तरी सात वर्षांचे आकडे हातात हवेत. पहिल्या आठवड्यात निरुपद्रवी दिसलेला उपाय खरोखर तसा होता की नाही, हे त्या आठवड्यात कळण्याची सोयच नव्हती.

भारतात हा प्रश्न आणखी निकडीचा होतो, कारण इथले जंतू वेगळे आहेत. श्रीमंत देशांतल्या नवजात संसर्गाच्या पुस्तकात पहिला मान ‘ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस’ला मिळतो. जाता जाता सांगायला हवे की या जंतूच्या बाबतीत दुसरा रकाना आखला गेला: २०२० सालच्या जागतिक अंदाजात मृत्यूंबरोबर सुमारे ३७ हजार मुलांना मेंदूविकासाचे अपंगत्व आल्याचे नोंदले आहे आणि गर्भवतींसाठी लस हवी या मागणीला त्याने वजन आले. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांतल्या ‘डेनिस’ अभ्यासाचे चित्र निराळे आहे. २०११ ते २०१४ या काळात नवजात अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या १३,५३० बाळांपैकी १४.३ टक्क्यांना सेप्सिस झाला, बहुतेकांना पहिल्या तीन दिवसांतच. आघाडीवर होते ॲसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय, ॲसिनेटोबॅक्टरचे तर ८२ टक्के नमुने अनेक औषधांना जुमानत नव्हते. पहिले औषध लागू पडत नाही, दुसरे शोधेपर्यंत दोन-तीन दिवस जातात, आणि तेवढा वेळ दाह मेंदूला झोंबत राहतो. म्हणून प्रतिरोध हा मेंदूविकासाचाही प्रश्न ठरतो, फक्त त्या बाजूने तो क्वचितच मांडला जातो. जागतिक परीक्षण करणाऱ्यांना नवजात सेप्सिसनंतरच्या अपंगत्वाचा अंदाज बांधता आला नाही, कारण तेवढी विश्वासार्ह माहितीच उपलब्ध नव्हती. सर्वाधिक आजार जिथे, तिथला रकाना कोरा.

तो कोरा असताना परदेशातले निष्कर्ष उसने घेणे धोक्याचे आहे, याचा दाखला ‘हेलिक्स’ प्रयोगाने दिला. जन्मतः गुदमरलेल्या बाळाचे शरीर तीन दिवस थंड ठेवल्याने मेंदू वाचतो, हे पाश्चात्त्य देशांत सिद्ध झाले होते. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर तोच उपाय तपासला तेव्हा मृत्यू किंवा अपंगत्व तर घटले नाहीच, उलट थंड केलेल्या गटात ४२ टक्के बाळे दगावली आणि दुसऱ्या गटात ३१ टक्के. उंदरांच्या पिल्लांत जंतूंचे विष आधी दिलेले असेल तर थंडावा काम करत नाही, असे आढळले आहे. पण हेलिक्सच्या निकालामागे संसर्गच होता असे त्यावरून म्हणता येणार नाही. उसन्या पुराव्यावर चालू नये, एवढे मात्र म्हणता येते. कळा चालू असताना आईला ॲझिथ्रोमायसिनची एक मात्रा देण्याचा मोठा प्रयोग नागपूर आणि बेळगावसह अनेक देशांतल्या केंद्रांवर झाला आणि २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. आईचा सेप्सिस कमी झाला, बाळाचा नाही. आईसाठी एवढे कारण पुरेसे आहे. पण ‘ओरॅकल’ वाचलेला माणूस विचारणारच की या हजारो मुलांची पाच-सात वर्षांनी चौकशी होणार का.

यावर व्यवहारी माणसाचे उत्तर ठरलेले असते: आपल्याकडे एवढा पाठपुरावा जमत नाही, लोक पत्ता बदलतात, आई माहेरी जाते, मग परत येतच नाही. अडचण खरी आहे, आणि अर्धी मुले गळाली तर उरलेल्यांचे आकडे फसवे होतात, हेही खरे. पण जमत नाही हे विधान पुण्यानेच खोडून काढले आहे. के.ई.एम. रुग्णालयाच्या नवजात विभागातून १९८७ ते १९८९ च्या दरम्यान घरी गेलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी थेट अठराव्या वर्षापर्यंत माग ठेवला. बाराव्या वर्षी या मुलांची बुद्धी सरासरीच्या मर्यादेत, पण तुलनेच्या मुलांपेक्षा निश्चित कमी आढळली, आणि लेखन व गणितातल्या अडचणी दिसल्या. दोन वर्षांच्या तपासणीत असल्या बारीक उणिवा हाती लागतच नाहीत. मोजण्याची साधनेही इथली आहेत: बडोद्यात डॉ. प्रमिला फाटक यांच्या कामातून भारतीय बालकांसाठीची विकासमापन श्रेणी घडली, ती आजही वापरात आहे. घरची गरिबी, आईचे शिक्षण, खाणेपिणे यांचाही मुलाच्या बुद्धीवर परिणाम होतो, मग संसर्गाचा वाटा वेगळा कसा काढणार, असे विचारले जाते. चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगात तो प्रश्न बराच निवळतो, कारण गरिबी दोन्ही गटांत सारखीच वाटली जाते. नुसत्या निरीक्षणाच्या अभ्यासात मात्र तुलनेचे मूल त्याच वस्तीतले हवे, आणि पुण्याचा धडा असा की हे नियोजन बाळ घरी जाण्याआधी करावे लागते. पाच वर्षांनी पत्ते शोधत फिरून ते साधत नाही.

एक आक्षेप मला याहून अधिक अस्वस्थ करतो. ज्या घरात सटवाईने बाळाच्या कपाळी काय लिहिले याची धास्ती आधीच असते, तिथे ‘तुमच्या बाळाच्या मेंदूला धोका आहे’ असे सांगून काय साधणार? सांगण्याची रीत चुकली तर मूल जन्मभर ‘तसले’ ठरेल. हे भय रास्त आहे. म्हणून स्पष्ट सांगितले पाहिजे की हे सारे आकडे समूहाचे आहेत. सेप्सिसमधून वाचलेली कितीतरी मुले पुढे इतरांसारखीच वाढतात आणि एखाद्या बाळाचे भविष्य त्या टक्केवारीतून वाचता येत नाही. पण न सांगण्याचीही किंमत असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना घरी गेल्यावर लवकर विकासाला पोषक उपक्रम मिळाले तर शाळेत जाण्याआधीच्या वयापर्यंत त्यांच्या आकलनात फायदा दिसतो, असे अनेक प्रयोगांचे एकत्रित निष्कर्ष आहेत. हालचालींतला फायदा त्या मानाने थोडा. ऐकू येण्याची तपासणी वेळेत झाली नाही तर मेनिन्जायटिसमधून उठलेले मूल बोलत का नाही, हे कळायलाच दोन-तीन वर्षे जातात. आणि काही उपाय तर दोन्ही रकान्यांत एकाच वेळी उतरतात. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेल्या प्रयोगात कमी वजनाच्या बाळाला जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवले तेव्हा पहिल्या महिन्यातले मृत्यू २५ टक्क्यांनी घटले आणि संशयित सेप्सिसही कमी झाला.

राहिला खर्चाचा मुद्दा. गडचिरोलीच्या धर्तीवर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्ती बाळाच्या बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी जाते. २०१८ च्या योजनेनुसार तिच्या फेऱ्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यालाही ठरलेल्या आहेत. जिल्ह्यांच्या ठिकाणी लहान मुलांच्या विकासाची तपासणी आणि उपचार करणारी केंद्रेही योजलेली आहेत. म्हणजे दारापर्यंत जाणारे माणूस आहे आणि पुढे पाठवायला जागाही आहे. तिच्या हातात कमी आहे ती एक माहिती: या बाळाला पहिल्या महिन्यात सेप्सिस झाला होता का, कोणत्या जंतूचा, कोणते औषध किती दिवस दिले, आकडी आली होती का. घरी सोडताना दिलेल्या कागदावर हे चार तपशील आईला वाचता येतील अशा मराठीत लिहायला नवे यंत्र लागत नाही. आज औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर निरनिराळ्या प्रतिजैविकांच्या जोड्या तपासणारे प्रयोग आखले जात आहेत आणि त्यांत मुख्य मोजमाप पहिल्या काही आठवड्यांतल्या मृत्यूचेच असते. ते तसेच असू द्यावे. मात्र दाखल झालेल्या प्रत्येक बाळाच्या आईकडून, प्रयोगाची संमती घेतानाच, दोन वर्षांनी आणि शाळेच्या वयात पुन्हा भेटण्याचीही संमती घ्यावी आणि त्या दोन भेटींचा पैसा मूळ अंदाजपत्रकात धरावा.